बुलेटचं इंजिन बांधलं, पण रॉकरपर्यंत तेलच चढत नाहीये

चिकटलेला_पिस्टन

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

बाबांची १९७४ची साडेतीनशे बुलेट, बिडाचा सिलिंडर, उजव्या पायात गिअर. अकरा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. मागच्या वर्षी मी हट्टाने बाहेर काढली, तेव्हा किकवर उभा राहिलो तरी किक खाली जाईना. हेड उतरवलं, बोअरमध्ये डिझेल ओतून चार दिवस ठेवलं. मग पिस्टनच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा धरून हातोडीने हळूहळू, एकेक केस सरकावा तसा तो खाली नेला. बाबा खुर्चीत बसून प्रत्येक ठोक्याला डोळे मिटत होते.

आतली अवस्था काय सांगू. क्रँककेसच्या मागच्या बाजूला तेलाचा जो कप्पा असतो, त्याच्या तळाशी बोटभर गाळ. बोटाने खरवडला तर बुटाच्या पॉलिशसारखा. फेल्टचा फिल्टर बाहेर काढताना हातातच सुटला. वरची रिंग खाचेत इतकी गच्च बसलेली की तिचे तीन तुकडे झाले तेव्हा निघाली.

आता केलेलं काम. बोअर वीस थाऊ (इंचाचा हजारावा भाग) मोठा, म्हणजे ७०चा ७०.५. नवा पिस्टन, नव्या रिंगा. रिंग बोअरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून फिलर गेज लावला, गॅप ०.३० मिलिमीटर आला. क्रँक लेथवाल्याकडे देऊन नवी पिन आणि नवा फ्लोटिंग बुश (पिनवर मोकळी फिरणारी धातूची कडी) बसवून आणला. पंपाचा वर्म (पंप फिरवणारा आटेदार गिअर) काढताना एक तास घाम गाळला, कारण त्याचे आटे उलटे आहेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी जीव खाऊन तो घट्ट करत होतो.

काल रात्री पहिल्यांदा चालू केलं. तिसऱ्या किकला! बाबा उठून उभे राहिले. पण दीड मिनिटाने मी हेडवरचा रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांच्या) तेलाच्या नळीचा बँजो बोल्ट (ज्यातून तेल जातं तो पोकळ बोल्ट) अर्धा आटा सैल केला तर थेंब नाही. कोरडा ठणठणीत. लगेच बंद केलं.

तर प्रश्न असे: बंद केलं ते बरोबर केलं का? तेल का चढत नसेल? आणि मुळात भरायचं कुठलं, सिंगल ग्रेड ४० की २०डब्ल्यू-५०? सध्या आत २०डब्ल्यू-५० आहे. बाबा म्हणतात चाळीसच, दुसरं काही टाकलंस तर मी बसणार नाही.

फुलथ्रॉटल

एवढं काय टेन्शन घेता. फुल सिंथेटिक टाका ५डब्ल्यू-३०, पातळ असतं, झटक्यात वर चढेल. माझ्या कारमध्ये तेच आहे, इंजिन लोण्यासारखं चालतं.

डावा_आटा

फुलथ्रॉटल, थांब रे जरा. लोण्याचं नंतर बघू.

चिकटलेल्या, बंद केलंस ते उत्तम केलंस. आता माझं ऐक: कारण सापडेपर्यंत किकला हात लावू नकोस. मी या इंजिनांची पंचवीसेक तरी पोटं उघडली आहेत, त्यातली दोन माझ्याच चुकीने पुन्हा उघडली, म्हणून सांगतो.

दीड मिनिटात रॉकर ओले झाले नाहीत एवढ्यावरून पंप मेला असं म्हणता येत नाही. तू इंजिन पूर्ण कोरडं बांधलंयस. नळ्या रिकाम्या, फिल्टरचा कप्पा रिकामा, क्रँकच्या आतली भोकं रिकामी. तेल आधी फिल्टरचा कप्पा काठोकाठ भरणार, मग टायमिंग कव्हरमधून क्रँकच्या टोकात शिरणार, तिथून पिनमध्ये आणि बिगएंडच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या, बुशवर. तो पंप संथ आहे. इंजिन सुसाट फिरत असलं तरी तो आपल्या वर्मच्या गतीने निवांत हलत असतो. रिकामा कप्पा भरायला त्याला किती वेळ लागतो हे एकदा कव्हर उघडं ठेवून हाताने फिरवून बघ, अंगावर काटा येईल. तेवढा वेळ तुझा नवा फ्लोटिंग बुश कशावर चालला? बांधताना तू बोटाने लावलं असशील त्या तेलावर. बस.

रोलरचं बिगएंड असतं तर मी एवढा आरडाओरडा केला नसता. रोलर तेलाच्या नुसत्या वाफेवरही काही काळ दम धरतो. बुशचं तसं नाही. बुश धातूवर चालत नाही, तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो, नावातच आहे. पापुद्रा नसला की तो पिनला चावतो आणि मग तुझी लेथवाल्याकडची दुसरी फेरी ठरलेली.

आता मला तीन गोष्टींची खरी उत्तरं दे. लाज वाटली तरी खरी दे.

एक, क्रँकच्या टोकाला तेल जातं तिथे कव्हरमध्ये बुचाच्या लाकडाचं एक छोटं सील असतं, ते नवं टाकलंस का? की जुनं दिसलं नाही म्हणून तसंच बसवलंस? ते नसलं तर तेल क्रँकमध्ये शिरण्याऐवजी बाजूने टायमिंगच्या पोकळीत सांडतं. पंप ठणठणीत, तेल फिरतंय, सगळं छान, आणि बिगएंड उपाशी.

दोन, कव्हर लावण्याआधी फिल्टरचा कप्पा तेलाने भरलास का?

तीन, कव्हरला पॅकिंग कसलं लावलंस? कागदाचं, की ट्यूबमधलं काही पिळलंस?

चिकटलेला_पिस्टन

काका, बुचाचं सील नवं टाकलं. फिल्टरचा कप्पा भरला नाही, तेवढी अक्कल नव्हती. पॅकिंग कागदाचं लावलं, आणि वरून गळू नये म्हणून दोन्ही बाजूंना सिलिकॉन पिळलं. व्हिडिओत एकजण तसंच करत होता.

डावा_आटा

कव्हर काढ.

कागदोपत्री

तोपर्यंत तेलाच्या ग्रेडचं बोलू, कारण इथे दर दोन महिन्यांनी हाच वाद होतो आणि दर वेळी लोक ऐकीव गोष्टी फेकतात.

फुलथ्रॉटल, ५डब्ल्यू-३० मधला ३० म्हणजे १०० अंश सेल्सिअसला तेलाची व्हिस्कॉसिटी (जाडी) ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान. ४० म्हणजे १२.५ ते १६.३. ५० म्हणजे १६.३ ते २१.९. ही एसएई (वाहन अभियंत्यांची अमेरिकन संस्था) ची व्याख्याच आहे, मत नाही. हवेने थंड होणारा बिडाचा सिलिंडर, बुशचं बिगएंड आणि त्या काळच्या फटी. हे इंजिन गरम असताना ४० ते ५० च्या घरातलं तेल मागतं. ३० घातलंस तर ते झटक्यात वर चढेल हे खरं, पण झटक्यात बाजूने निसटेलही.

मग चाळीस की २०डब्ल्यू-५०? तुमचे बाबा चुकीचे नाहीत. त्यांच्या काळात मल्टिग्रेडमधले (२०डब्ल्यू-५० सारख्या दोन आकड्यांच्या तेलातले) जाडी टिकवणारे पॉलिमर लवकर तुटायचे आणि महिनाभरात ५० चं तेल ३० सारखं वागायचं, म्हणून लोकांचा सिंगल ग्रेडवर भरवसा. आता ती अडचण बरीच कमी झाली आहे. २०डब्ल्यू-५० गार असताना २० च्या वर्गात आणि गरम झाल्यावर ५० च्या वर्गात, म्हणजे किक मारताना थोडं हलकं आणि चढावर भरपूर जाड. मी स्वतः तेच टाकतो. चाळीस टाकलंत तरी इंजिनाला काही होणार नाही, फक्त थंडीत पहिली दोन मिनिटं जपा.

दुसरी गोष्ट झिंक-फॉस्फरसची. कॅम आणि टॅपेटचा (कॅमची उचल वर पोचवणाऱ्या भागाचा) पाय एकमेकांवर घासतात तिथे तेलाचा पापुद्रा कधीकधी पिळून निघतो, तेव्हा झेडडीडीपी नावाचं रसायन धातूवर थर धरून वाचवतं. २००४ मध्ये आलेल्या एपीआय एसएम (अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचा तेलाचा दर्जा) पासून ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० सारख्या हलक्या ग्रेडमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत, कारण तो कारच्या धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधतो. २०डब्ल्यू-५० ला ती मर्यादा लागू नाही. म्हणजे जुन्या इंजिनाला कारचं हलकं तेल न घालायचं हे दुसरं कारण.

दोनस्ट्रोकी

आणि क्लचचं काय? मी ऐकलंय कारचं तेल टाकलं की क्लच घसरतो. जासो एमए लिहिलेलंच घ्या म्हणतात.

कागदोपत्री

जासो एमए हे मोटरसायकलच्या तेलाचं जपानी मानक १९९८ मध्ये आलं, ज्या गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच तेलात बुडतात त्यांच्यासाठी. जुन्या बुलेटमध्ये इंजिनाचं तेल वेगळं, प्रायमरी चेनकेसचं (इंजिन ते क्लच या चेनच्या डब्याचं) वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं. क्लच चेनकेसमध्ये. तेव्हा जासोचा शिक्का चेनकेसच्या तेलावर बघा. इंजिनाच्या तेलावर तो असला तर चांगलंच, नसला तर क्लचला त्याचा पत्ताही लागत नाही.

दोनस्ट्रोकी

अच्छा. बरं, जाता जाता, माझ्या येझदीला पेट्रोलमध्ये तेल किती

डावा_आटा

वेगळा धागा काढ बाबा. तिथे येतो.

चिकटलेला_पिस्टन

काका!!

कव्हर काढलं. सगळं सांगतो, क्रमाने.

स्क्रू निघाले पण कव्हर सुटेना, सिलिकॉनने असं धरलेलं. लाकडी मुठीने चहूबाजूंनी ठोकत सोडवलं. आतल्या कडेने सिलिकॉनची गोल दोरी फुगून बाहेर आलेली, करंगळीएवढी जाड नाही, पण बऱ्यापैकी. बुचाचं सील जागेवर होतं, नीट दबलेलं. वर्म घट्ट. पंपाचा दांडा हाताने फिरवला तर पंप हलतोय. मला कळेना.

मग बाबा चष्मा लावून आले. त्यांनी टॉर्च घेऊन केसच्या तोंडावरची भोकं बघायला सुरुवात केली, तेलाच्या कप्प्यातून पंपाकडे तेल ओढणारं जे भोक आहे तिथे थांबले. म्हणाले, "हे भोक राखाडी का दिसतंय?" मी म्हटलं सावली असेल. त्यांनी शिवणाची सुई मागितली. सुईने टोचून ओढलं तर आतून सिलिकॉनचा अळीसारखा लांब तुकडा सरसरत बाहेर आला. जवळजवळ दीड सेंटिमीटर. आणि त्याच्यामागोमाग तेल! भळकन. कप्प्यात भरलेलं सगळं तेल त्या अळीच्या मागे अडून बसलं होतं.

बाबांनी ती अळी कागदावर ठेवली आणि काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

डावा_आटा

तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग.

लक्षात ठेव, कागदाचं पॅकिंग चांगलं असेल तर त्याला ग्रीसचा पुसट हात पुरतो. सिलिकॉन बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आतही पिळलं जातं, बाहेरचं आपण पुसतो आणि आतलं इंजिनासाठी ठेवतो. कुठे वापरायचंच असेल तर इतका पातळ थर की खालचा धातू दिसला पाहिजे, आणि तेलाच्या भोकांपासून दूर.

आता पुढचं. पंप उघड. आतल्या दोन्ही चकत्या काढून काचेवर फिरवून बघ, डुगडुगतात का. तुझ्या त्या अळीचे तुकडे पंपात गेले असतील तर चकती आणि तिची बैठक यांच्यात कुसळासारखे अडकतात. चरे दिसले तर काचेवर अगदी बारीक पेस्ट घेऊन आठच्या आकड्यात घास, मग रॉकेलने इतकं धू की पेस्टचा वासही राहता कामा नये. चकत्या नीट बसत नसतील तर दुसरं दुखणंही होतं: गाडी महिनाभर उभी राहिली की कप्प्यातलं तेल पंपातून झिरपत क्रँककेसमध्ये उतरतं. मग पहिल्या किकला निळ्या धुराचा ढग आणि मालक म्हणतो रिंगा गेल्या. रिंगांचं काही गेलेलं नसतं. वर कप्प्यात तेल कमी दिसतं म्हणून तो अजून ओततो, आणि मग सगळीकडून गळायला लागतं. पातळी नेहमी इंजिन पाचेक मिनिटं चालवून मगच बघायची.

बिगएंडची मला जास्त काळजी. हेड, बॅरल न उतरवता जेवढं कळेल तेवढं बघू. प्लग काढ, पिस्टन वरच्या टोकापासून थोडा खाली आण, प्लगच्या भोकातून एक लाकडी काडी पिस्टनवर टेकव आणि फ्लायव्हील किंचित पुढे-मागे हलव. क्रँक फिरतोय पण काडी हलत नाही, असा मोकळा टप्पा हाताला लागला तर बुश खाल्ला गेलाय. टक् असा आवाजही येतो. नसेल तर देव पावला समज.

त्यानंतर तेलाची पिचकारी घे, टोक क्रँकच्या टोकाच्या भोकात घट्ट धर आणि दाबत राहा. आधी सहज जाईल, मग हाताला अडखळ लागेल. ती अडखळ म्हणजे तेल बुशपर्यंत पोचलं. क्रँक पाव फेरी फिरवून पुन्हा दाब. असं चार वेळा. फिल्टरचा कप्पा काठोकाठ भरूनच झाकण लाव. टॅपेटच्या खिडकीतून आत थोडं, रॉकरवर थोडं. मग प्लग काढलेलाच ठेवून, स्विच बंद, रॉकरच्या नळीचा बँजो सैल करून किक मारत बस. पाय दुखेपर्यंत. बँजोला तेल दिसल्याशिवाय प्लग लावायचा नाही.

कागदोपत्री

एक शंका. काका, डिटर्जंट तेलाबद्दल तुमचं मत? जुने लोक म्हणतात जुन्या इंजिनात डिटर्जंट तेल टाकलं की गाळ सुटतो आणि इंजिन जातं.

डावा_आटा

जुने लोक म्हणजे मीच. ऐक.

माझी एक ब्रिटिश ट्विन होती. तिच्या क्रँकच्या आत एक पोकळ नळी असते, तेलातला कचरा फिरण्याच्या जोराने तिच्या भिंतीवर चिकटून बसावा म्हणून. त्या इंजिनात बारीक फिल्टर नाही, ती नळी हाच फिल्टर. मी फक्त वरचं काम केलं, व्हॉल्व्ह, रिंगा. क्रँक उघडायचा आळस केला. वर चकचकीत, तर तेलही चांगलं टाकू म्हणून महागातलं डिटर्जंट तेल भरलं. चारशे किलोमीटरवर एका बाजूचं बिगएंड ठोकायला लागलं. उघडलं तर त्या नळीतला वीस वर्षांचा गाळ भिजून सुटलेला आणि त्याच्या एका खड्याने पिनचं भोक बंद केलेलं. हुबेहूब तुमची अळी, फक्त काळी.

तेलाचा दोष नव्हता. डिटर्जंट तेलाचं कामच आहे घाण सोडवून तरंगत ठेवायची, म्हणजे तेल बदलताना ती बाहेर जाते. इंजिन आतून पूर्ण धुतलं असेल, जसं या पोराने धुतलंय, तर डोळे मिटून डिटर्जंट वापरा आणि लवकर लवकर बदला, कारण फेल्टचा फिल्टर फक्त मोठे कण धरतो. इंजिन उघडलेलं नसेल आणि वर्षानुवर्षं साध्या तेलावर चाललं असेल, तर साधंच चालू द्या. मधलं काही करू नका.

सिंथेटिकबद्दल एकच. नव्या रिंगांना होनिंगच्या (बोअर घासताना मुद्दाम पाडलेल्या) तिरप्या रेघांवर घासून बसायचं असतं. सुरुवातीला अति निसरडं तेल दिलंत तर रिंगा बसण्याआधी रेघा गुळगुळीत होतात आणि मग इंजिन जन्मभर तेल पितं. पहिले हजार किलोमीटर साधं खनिज तेल.

चिकटलेला_पिस्टन

काडीची परीक्षा केली. मोकळा टप्पा नाही, टक् नाही. दोनदा केली, मग बाबांना करायला लावली.

पंपात सिलिकॉनचे दोन बारीक कण सापडले. एका चकतीवर केसाएवढा चरा होता, घासून काढला. पिचकारीची ती अडखळ हाताला लागली तेव्हा काय वाटलं ते शब्दांत नाही सांगता येत, एकदम कोणीतरी आतून हात धरल्यासारखं. किक मोजल्या. एकशे बाराव्या किकला बँजोच्या वॉशरखालून तेलाची कडा चमकली. आधी बुडबुडे, मग सरळ ओघळ.

प्लग लावला. दुसऱ्या किकला चालू!

आता रनिंग-इनचं सांगा. एका जागी उभी ठेवून तासभर आयडलवर चालवू का?

डावा_आटा

अजिबात नाही. उभ्या गाडीला वारा नाही, बिडाचा सिलिंडर एका बाजूने तापतो, आणि आयडलवर रिंगांवर दाबच येत नाही. चालू कर, दोन मिनिटांत रस्त्यावर ने. दहा किलोमीटर, बंद, पूर्ण गार होऊ दे. हाताला बॅरल थंड लागल्यावर हेडचे नट आणि टॅपेट पुन्हा तपास. पुशरॉड (टॅपेटपासून रॉकरपर्यंतचा दांडा) दोन बोटांत मोकळी फिरली पाहिजे, पण वर-खाली खेळ नको. मग पुढचे वीस. थ्रॉटल सारखा बदलत राहा, कधी थोडा दाब दे, कधी सोड. सोडलास की बोअरच्या भिंतीवर तेल ओढलं जातं, ते तिला हवंच असतं. वरच्या गिअरमध्ये दमवत रेटू नकोस, कमी फेऱ्यांवर ओझं ओढायला लावणं हा वेगापेक्षा वाईट मार आहे.

पहिलं तेल ५० किलोमीटरला काढ. हो, पन्नास. मग ३००, मग १०००. काढलेलं तेल पांढऱ्या कापडातून गाळ आणि खालून लोहचुंबक फिरव.

फुलथ्रॉटल

५० किलोमीटरला तेल बदलायचं? एवढं तेल फुकट?

डावा_आटा

हो.

चिकटलेला_पिस्टन

आज ५४ झाले. गार इंजिनावर हेडचे नट पाहिले, दोन नट जरासे फिरले. एक्झॉस्टच्या टॅपेटला खेळ आला होता, काढला. तेल गरम असतानाच सोडलं. रंग अजून मधासारखा, पण उन्हात धरलं तर चमकी दिसते. चुंबकाला करड्या लवेसारखं काहीतरी लागलं, बोटांत चोळलं तर खड्यासारखं काही नाही, पिठासारखं. कापडावर सिलिकॉनचा एकच बारीक कण. तो बाबांनी उचलून त्या पहिल्या अळीशेजारी कागदावर ठेवला, आणि कागद आता टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे.

नवं तेल २०डब्ल्यू-५० खनिज भरलं. बाबा मागे बसले, पण फक्त पुढच्या वळणापर्यंत. म्हणाले, चाळीस भरशील तेव्हा लांब जाऊ.

डावा_आटा

पीठ चालेल, कण नको. प्लग काढून रंग बघितलास का? ५४ वर अजून काळा असेल, त्याची काळजी नको. ३०० ला बघ आणि इथेच लिही.